विमान आणि इंजिनाच्या कामासाठी टॉर्कची हत्यारं कशी निवडावीत

चिंचोळी किंवा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत काम केलेल्या फिटरला टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या पिळाने (टॉर्कने) नट आवळायचा पाना, नवा नसतो. तिथे बहुधा एका स्टेशनवर एकच नट, एकच आकडा आणि तोच आकडा लावून ठेवलेला रेंच असतो. विमानाच्या कामात एकाच दिवशी २० इंच-पाउंडांपासून ६०० इंच-पाउंडांपर्यंतचे नट हाताखालून जातात. प्रत्येकाचा आकडा मॅन्युअलमध्ये असतो आणि कोणत्या नंबरच्या रेंचने आवळलं ते वर्क कार्डावर लिहावं लागतं. होटगी रोडच्या विमानतळावर लाइन मेंटेनन्सला लागणारा असो, बारामतीकडे प्रशिक्षण विमानांच्या हँगरमध्ये जाणारा असो, की एखाद्या वर्कशॉपचं टूल क्रिब (हत्यारं ठेवायची खोली) नव्याने मांडणारा असो, खरेदीची सुरुवात ब्रँडपासून केली की पैसे वाया जातात. पुढचा क्रम त्यासाठी.

१. आधी कामाची यादी

ज्या विमानावर काम करायचं त्याचं मेंटेनन्स मॅन्युअल आणि इंजिनाचं ओव्हरहॉल मॅन्युअल समोर घ्या. कागदावर पाच रकाने आखा: काम, टॉर्कचा आकडा, एकक, नटाचं माप, आणि तिथपर्यंत पाना कसा पोचतो. शेवटचा रकाना बहुतेक जण सोडून देतात. पुढे क्रोफूट (रेंचच्या टोकाला जोडायचा, बाजूने पोचणारा पाना) लागणार की सरळ सॉकेट बसणार हे त्यावरच ठरतं, म्हणून तो इंजिनाशेजारी उभं राहूनच भरा.

नमुना म्हणून लायकॉमिंगचं चार सिलेंडरचं इंजिन असलेली सेसना १७२ घेऊ. स्पार्क प्लग ४२० इंच-पाउंड, म्हणजे ३५ फूट-पाउंड. सिलेंडरच्या बुडाचे अर्धा इंची नट ६०० इंच-पाउंड, तिथलेच ३/८ इंची नट ३०० इंच-पाउंड. एअरफ्रेमवर मॅन्युअलने वेगळा आकडा दिला नसेल तिथे अमेरिकेच्या एफएए या विमानवाहतूक नियामकाचं एसी ४३.१३-१बी हे परिपत्रक सर्रास संदर्भाला घेतात. त्यात १/४-२८ (पाव इंची, इंचाला २८ आटे) नटाला ५० ते ७० इंच-पाउंड आणि १०-३२ (१० नंबरचा, इंचाला ३२ आटे) ला २० ते २५ इंच-पाउंड आहेत. हे आकडे इथे रेंज कशी काढायची ते कळावं एवढ्यासाठी दिलेत. प्रत्यक्ष नट आवळताना मॅन्युअलची चालू आवृत्तीच उघडायची, पाठ असलेला आकडा वापरायचा नाही.

एककांचा गोंधळ इथेच मिटवा. अमेरिकी विमानांची पुस्तकं इंच-पाउंड आणि फूट-पाउंडात असतात, एअरबसच्या पुस्तकात डेकान्यूटन-मीटर दिसतं, आणि सोलापुरात मिळणारे बहुतेक रेंच न्यूटन-मीटरचे किंवा जुने किलोग्रॅम-मीटरचे. लक्षात ठेवायचे आकडे थोडेच: १ फूट-पाउंड म्हणजे १२ इंच-पाउंड, म्हणजेच १.३५६ न्यूटन-मीटर. १ इंच-पाउंड म्हणजे ०.११३ न्यूटन-मीटर. १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८०७ न्यूटन-मीटर. १ डेकान्यूटन-मीटर म्हणजे बरोबर १० न्यूटन-मीटर. पाव इंची बोल्टला ७० इंच-पाउंडांऐवजी ७० फूट-पाउंड लावायला गेलात तर बारापट जोर होतो आणि बोल्ट हातात तुटून येतो. तुटला तर निदान कळतं तरी. किलोग्रॅम-मीटर आणि डेकान्यूटन-मीटर यांच्यात फरक दोन टक्क्यांचाच, त्यामुळे ती चूक कुणाच्या डोळ्यांवर येत नाही.

आमचं मत स्पष्ट आहे: मॅन्युअल ज्या एककात, रेंचही त्याच मुख्य एककाचा घ्या. दुहेरी पट्टीच्या रेंचवर दुसऱ्या एककाच्या खुणा मुख्य खुणांशी जुळत नाहीत, आणि मधला आकडा डोळ्यांनी अंदाजून लावला जातो. पर्याय नसेल तर रूपांतर करून तो आकडा वर्क कार्डावर लिहा, दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या, मग रेंच लावा.

२. यादीवरून रेंज

टॉर्क रेंचची मोजमापाची हद्द साधारणपणे कमाल क्षमतेच्या २० टक्क्यांपासून १०० टक्क्यांपर्यंत धरतात. हातच्या टॉर्क हत्यारांचं आयएसओ ६७८९ हे मानकही कॅलिब्रेशन (मानकाशी ताडून अचूकता तपासणं) २०, ६० आणि १०० टक्क्यांवर करायला सांगतं. पट्टीवर त्याखाली खुणा असल्या तरी त्यांच्यावर भरवसा ठेवू नका. रोजचं काम मधल्या भागात यावं असा रेंच बघा.

आता वरची यादी लावून पाहा. बाजारात ३० ते २०० इंच-पाउंड आणि १५० ते १००० इंच-पाउंड ही दोन मापं क्लिक रेंचमध्ये (आकडा आला की कट्ट करणारा प्रकार) सहज मिळतात. पाव इंची नटाचे ५० ते ७० पहिल्यात बसतात. ३००, ४२० आणि ६०० हे तिन्ही दुसऱ्यात, तेही छान मधोमध. १०-३२ चे २० ते २५ मात्र कशातच बसत नाहीत. नवीन लोक इथे ३० वर लावून 'जरा कमी' आवळतात. तसं करू नका, त्यासाठी ४०-५० इंच-पाउंडांपर्यंतचा टॉर्क स्क्रूड्रायव्हर किंवा छोटा रेंच लागतोच.

म्हणजे या विमानाला तीन हत्यारं पुरली. दुकानदार बरोबरीने ३० ते २५० फूट-पाउंडांचा अर्धा इंची रेंचही दाखवेल. यादीत त्याचं काम नसेल तर घेऊ नका. कपाटात पडून राहिला तरी दर वर्षी त्याचं कॅलिब्रेशन भरावं लागतं, आणि लेबलची तारीख उलटून गेलेला रेंच ऑडिटमध्ये सापडला की उत्तरं तुम्हालाच द्यावी लागतात.

ड्राइव्हचं चौकोनी टोकही बघून घ्या: पाव इंची, ३/८, अर्धा इंची. अर्धा इंची सॉकेट ३/८ च्या रेंचवर अडॅप्टर लावून चालतं, पण दोन जोडांमधला ढिलेपणा वाढतो आणि सॉकेट नटावर तिरपं बसतं. छोट्या नटाच्या कडा अशाच गोल होतात.

३. कोणत्या कामाला कोणता प्रकार

सगळ्यात साधा बीम रेंच. एक दांडा वाकतो, दुसरा सुईसारखा सरळ राहतो, पट्टीवर आकडा दिसतो. यात स्प्रिंग नाही, गिअर नाही. सुई शून्यावर आहे का हे नुसतं बघून कळतं. मूठ खिळीवर झुलती असते तिथे ती झुलतीच राहिली पाहिजे. मुठीचं टोक दांड्याला टेकवून ओढलं की जोर लागण्याची जागा सरकते आणि आकडा खोटा येतो. अडचणीच्या जागी पट्टी वाचता येत नाही, हा त्याचा मोठा तोटा.

डायल रेंचला काटा असतो, आणि चांगल्या डायलला दुसरा मागे राहणारा काटा असतो, जो सर्वांत मोठा आकडा धरून ठेवतो. नट फिरताना लागणारा टॉर्क मोजायचा असेल तर डायल हवाच. सेल्फ-लॉकिंग (आपोआप सैल न होणाऱ्या) नटाचा ड्रॅग म्हणजे फिरताना होणारा अडथळा, बेअरिंगचा प्रीलोड म्हणजे आधीच दिलेला दाब, आधीच आवळलेला नट तपासणं, ही कामं क्लिक रेंच करू शकत नाही. तो फक्त लावलेला आकडा आला की सांगतो, मधलं काहीच सांगत नाही. लायकॉमिंगच्या सिलेंडरचंच घ्या. अर्धा इंची नट आधी ३०० वर, मग ६०० वर दिलेल्या क्रमाने आवळायचे, आणि शेवटी प्रत्येक नटावर तो टॉर्क सुमारे पाच सेकंद धरून नट हलत नाही ना ते बघायचं. क्लिक रेंच आकड्यावर पोचताच सुटतो, त्यामुळे पाच सेकंद धरणं त्याला नीट जमत नाही. डायलवर काटा ६०० वर स्थिर धरून नटाकडे बघता येतं. डायल वाचताना मात्र डोळा समोर हवा. खाली वाकून तिरप्या नजरेने वाचलं की एखाद-दोन खुणांचा फरक सहज पडतो.

क्लिक रेंच सगळ्यांच्या ओळखीचा, म्हणूनच सगळ्यात जास्त गैरवापर होणारा. आत दाबलेली स्प्रिंग आणि एक छोटा ठोकळा असतो. लावलेला टॉर्क आला की ठोकळा कलंडतो, आतला दांडा नळीवर आपटतो आणि हाताला झटका बसतो. त्यानंतर रेंच थांबवत नाही! ओढत राहिलात तर टॉर्क वाढतच जातो. कमी आकड्यांवर झटका इतका बारीक असतो की बाजूला कॉम्प्रेसर चालू असला तर आवाज ऐकू येत नाही. कान टाकून बसू नका, तळहाताकडे लक्ष द्या. 'खात्रीसाठी' दुसऱ्यांदा कट्ट करायची सवय गॅरेजमधून येते. ती तिथेच सोडून या.

क्लिक रेंचचे नियम थोडे आहेत, पण पाळावे लागतात. आकडा नेहमी खालून वर येत लावायचा. पुढे गेलात तर बराच खाली आणून पुन्हा वर या. काम झालं की पट्टीच्या सर्वांत खालच्या खुणेवर आणून ठेवायचा. त्याखाली सोडायचा नाही, नाहीतर आतले भाग सैल होऊन जागा सोडतात. बरेच दिवस पडून असेल तर मधल्या आकड्यावर चार-पाच वेळा क्लिक करून घ्या म्हणजे आतलं ग्रीस पसरतं. पहिली क्लिक बहुधा जास्त भरते. नट सोडवायला तो वापरायचा नाही. आणि रॅचेट दोन्हीकडे फिरतं म्हणून क्लिकही दोन्हीकडे होते असं समजू नका. अनेक रेंच फक्त उजव्या दिशेने मोजतात. डाव्या आट्यांचं काम यादीत असेल तर दोन्ही दिशांचं कॅलिब्रेशन असलेला रेंच मागा.

घसरणारे किंवा कॅम-ओव्हर प्रकारचे रेंच आकडा आला की मोकळे फिरतात, जास्त आवळूच देत नाहीत. लहान टॉर्कच्या कामांना, विशेषतः स्क्रूड्रायव्हरमध्ये, हा प्रकार उत्तम. एकच काम शंभरदा असेल, जसे स्पार्क प्लग, तर प्रीसेट रेंच घ्या. त्याला पट्टी नसते, आकडा टेस्टरवर लावून सील करतात, त्यामुळे चुकीचा आकडा लावला जाण्याचा प्रश्नच उरत नाही. कमी माणसांच्या लाइन स्टेशनला तो फार सोयीचा.

इलेक्ट्रॉनिक रेंच आकडा दाखवतो, साठवतो, काही कोनही मोजतात. टॉर्क लावून पुढे अमुक अंश फिरवा असं मॅन्युअल म्हणत असेल तर त्याला तोड नाही, पण कोनाचं कॅलिब्रेशन वेगळं होतं. प्रमाणपत्रावर ते आहे का बघा. चालू करताना रेंच सपाट जागी, काहीही भार नसताना ठेवा. नटावर लावलेल्या अवस्थेत चालू केलात तर तो तेवढ्या भारालाच शून्य समजतो. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, आणि उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत त्याहून कितीतरी जास्त. त्यामुळे माहितीपत्रकातली वापराची तापमान-मर्यादा खरेदीआधी वाचा आणि तो उन्हात ठेवू नका. पॉवर टूल आणि टॉर्क मल्टिप्लायर (गिअरने टॉर्क वाढवणारं हत्यार) सुरुवातीला नकोतच. मोठ्या टर्बाइन इंजिनांच्या कामात मल्टिप्लायर लागतो, तेव्हा त्याच्यावर छापलेलं गुणोत्तर न घेता प्रमाणपत्रातलं प्रत्यक्ष गुणोत्तर घ्यायचं, कारण गिअरच्या घर्षणात थोडा टॉर्क जातो.

४. अचूकतेचा आकडा नीट वाचा

'±२ टक्के' हे कशाचे, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. वाचलेल्या आकड्याचे दोन टक्के आणि पूर्ण क्षमतेचे दोन टक्के यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ६०० इंच-पाउंडांच्या डायलवर पूर्ण क्षमतेचे दोन टक्के म्हणजे १२ इंच-पाउंड. ६०० वर ते ठीक. त्याच डायलने ६० चा नट तपासलात तर तेच १२ इंच-पाउंड वीस टक्के होतात, आणि ५० ते ७० ची अख्खी रेंज त्यात बुडते.

आयएसओ ६७८९ मध्ये क्लिक आणि डायल रेंचची कमाल क्षमता १० न्यूटन-मीटरच्या वर असेल तर ±४ टक्के, १० किंवा त्याखाली असेल तर ±६ टक्के इतकी सूट आहे. ती त्या त्या बिंदूवरच्या आकड्याच्या हिशोबाने. पाव इंची नटासाठी घेतलेला २०० इंच-पाउंडांचा रेंच म्हणजे कमाल साधारण २२.६ न्यूटन-मीटर, म्हणून तिथे चार टक्के लागू. मॅन्युअलने दिलेल्या दोन मर्यादांच्या मध्यावर रेंच लावायचा तो यासाठी: ६० वर लावला तर चार टक्क्यांची चूक धरूनही ५७.६ ते ६२.४ मध्ये राहतो, ७० वर लावला तर जवळजवळ ७३ पर्यंत जाऊ शकतो.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. महागडा एक टक्क्याचा रेंच घेतला म्हणून बोल्टमधला ताण एक टक्क्यात येत नाही. लावलेल्या टॉर्कपैकी ढोबळमानाने ९० टक्के घर्षणात जातो, साधारण निम्मा नटाच्या बुडाखाली आणि राहिलेला आट्यांत. बोल्ट ताणायला जेमतेम दहावा हिस्सा उरतो. कोरड्या आट्यांसाठी दिलेला आकडा तेल लावलेल्या आट्यांवर वापरला की घर्षण घटतं आणि ताण झपाट्याने वाढतो. मॅन्युअलमध्ये आटे कोरडे की तेलाचे, आणि तेल कोणतं, हे लिहिलेलं असतं. रेंचवर जादा खर्च करण्याआधी आटे साफ करायचा ब्रश आणि योग्य तेलाचा डबा टूल क्रिबमध्ये आहे का ते बघा. काही कनेक्टिंग रॉड बोल्टना तर टॉर्कवर न सोडता बोल्ट किती लांबला ते मायक्रोमीटरने मोजायला सांगतात, ते याच कारणाने.

५. क्रोफूट आणि एक्स्टेंशनचा हिशोब

यादीतला पाचवा रकाना इथे कामाला येतो. सिलेंडरच्या बुडाच्या नटांवर सरळ सॉकेट बसत नाही, बाजूने पोचणारा खास पाना (क्रोफूट किंवा तसाच जोडपाना) रेंचच्या टोकाला जोडावा लागतो. त्याने रेंचची लांबी वाढली की रेंचवरचा आकडा आणि नटावरचा टॉर्क वेगळे होतात.

हिशोब असा: रेंचवर लावायचा आकडा = हवा असलेला टॉर्क × रेंचची लांबी ÷ (रेंचची लांबी + जोडपान्याची लांबी). रेंचची लांबी चौकोनी टोकाच्या मध्यापासून मुठीवरच्या पकडीच्या खुणेपर्यंत मोजा, जोडपान्याची चौकोनाच्या मध्यापासून नटाच्या मध्यापर्यंत. रेंच १६ इंच, जोडपाना ४ इंच, हवे ६०० इंच-पाउंड: ६०० × १६ ÷ २० = ४८०. रेंच ४८० वर लावायचा. हिशोब न करता ६०० वर लावलात तर नटावर ७५० पडतात, पंचवीस टक्के जास्त.

जोडपाना मुठीच्या दिशेला मागे वळवून लावला तर बेरजेऐवजी वजाबाकी: ६०० × १६ ÷ १२ = ८००. काटकोनात लावला तर दुरुस्ती लागत नाही, म्हणून जागा असेल तिथे काटकोनच पसंत करा. मधल्या कोनांचा हिशोब कोसाइनने होतो, पण कोन हातात धरून मोजणं कठीण; शक्यतो टाळाच. सॉकेटची उभी, सरळ एक्स्टेंशन दांडी वेगळी. ती नटाच्याच अक्षावर असल्यामुळे आकडा बदलत नाही. युनिव्हर्सल जॉइंट मात्र तिरपा झाला की बदलतो.

हा हिशोब तेव्हाच खरा जेव्हा हात खुणेवर असतो. मुठीच्या मागे पाइप घालून लांबी वाढवणं किंवा जोर पुरत नाही म्हणून हात शेवटच्या टोकाला नेणं, दोन्हीत वरची लांबी खोटी ठरते. खरेदी करताना म्हणूनच मुठीवर पकडीची खूण स्पष्ट आहे का ते बघा. मूठ फिरवून आकडा लावायच्या (मायक्रोमीटर) प्रकारात आकडा लावताना मूठ पुढेमागे सरकते, त्यामुळे लांबी आकडा लावल्यावर मोजायची.

६. टेस्टर, जो सगळे शेवटी ठेवतात

नवीन टूल क्रिबमध्ये चार रेंच असतात आणि टेस्टर, म्हणजे रेंचचा आकडा तपासायचं यंत्र, नसतो. आम्ही उलट सांगू: एक रेंच कमी घ्या, पण टेस्टर घ्या. रेंच फरशीवर पडला आणि कुणी बोललं नाही, तर ते कळायचा मार्ग टेस्टर हाच. नाहीतर पुढच्या कॅलिब्रेशनपर्यंत, म्हणजे कदाचित अकरा महिने, तोच रेंच विमानावर चालत राहतो.

टेस्टरची अनिश्चितता रेंचला मिळणाऱ्या सुटीच्या एक चतुर्थांशाहून जास्त नसावी. ४ टक्क्यांच्या रेंचला १ टक्क्याचा टेस्टर. पुन्हा तोच प्रश्न: वाचलेल्या आकड्याचा की पूर्ण क्षमतेचा? १००० इंच-पाउंडांचा, पूर्ण क्षमतेच्या एक टक्क्याचा टेस्टर म्हणजे कुठेही १० इंच-पाउंडांची चूक. २५ च्या टॉर्क स्क्रूड्रायव्हरला तो निरुपयोगी. २० ते १००० पर्यंतचं सगळं टेस्टरच्या एका ट्रान्सड्यूसरवर (टॉर्क मोजणाऱ्या भागावर) भागणार नाही. वरच्या यादीसाठी एक १०० च्या आसपासचा आणि एक १००० चा, अशी जोडी लागेल.

दुसरी तपासायची गोष्ट मोड. क्लिक रेंचसाठी 'पहिला पीक' धरणारा मोड हवा. साधा पीक मोड सर्वांत मोठा आकडा धरतो, आणि क्लिकनंतर हात थोडा पुढे जातोच, म्हणून चांगला रेंचही जास्त दाखवतो. मग कुणीतरी तो 'दुरुस्त' करतं आणि खरोखरच बिघडवतं. डायल रेंचला चालू आकडा दाखवणारा ट्रॅक मोड लागतो.

रोजची तपासणी पाच मिनिटांची: रेंच कमाल आकड्यावर तीन-चारदा चालवा, मग आज लागणाऱ्या आकड्यावर तीन वाचनं घ्या, एकसारख्या संथ ओढीने, हात पकडीच्या खुणेवर ठेवून. तिन्ही सुटीत असली तर नोंदवहीत लिहून रेंच कामाला द्या. एखादं बाहेर गेलं तर लाल टॅग लावून बाजूला ठेवा. स्वतः स्क्रू फिरवू नका.

७. कॅलिब्रेशन आणि कागद

भारताच्या विमानवाहतूक नियामकाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, सीएआर-१४५ या नियमाखाली मान्यता असलेल्या संस्थेत मोजमापाची हत्यारं नियंत्रणात आणि मान्य मानकानुसार कॅलिब्रेट केलेली असावी लागतात. आपल्याकडे यासाठी एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता असलेली, आयएसओ/आयईसी १७०२५ हे लॅबचं मानक पाळणारी लॅब बघतात, म्हणजे मोजमापाची साखळी राष्ट्रीय मानकापर्यंत जोडलेली राहते. नुसता एनएबीएलचा शिक्का बघून थांबू नका. लॅबच्या मान्यतेच्या व्याप्तीत टॉर्क आहे का आणि तुमची रेंज त्यात बसते का ते वाचा. २० न्यूटन-मीटरपासून पुढची मान्यता असलेली लॅब तुमच्या छोट्या स्क्रूड्रायव्हरचं मान्यताप्राप्त प्रमाणपत्र देऊ शकत नाही.

मुदत स्वतःच्या संस्थेच्या पद्धतीत ठरवलेली नसेल तर आयएसओ ६७८९ प्रमाणे १२ महिने किंवा ५००० वापर, जे आधी येईल ते. दिवसाला २० वापर धरले तर २५० कामाच्या दिवसांत पाच हजार होतात. गर्दीच्या हँगरमध्ये वर्ष पुरं व्हायच्या आतच मुदत संपते, म्हणून वापराचा अंदाजी आकडा नोंदवहीत चालू ठेवा.

लॅबकडे 'आला तेव्हा' आणि 'दुरुस्तीनंतर' अशी दोन्ही वाचनं मागा. पुष्कळ जण फक्त दुसरी घेतात. पहिली बाहेर आली असतील तर मागच्या कॅलिब्रेशनपासून त्या रेंचने काय काय आवळलं ते शोधून बघावं लागतं. वर्क कार्डावर रेंचचा नंबर लिहायची सक्ती त्यासाठीच असते. नंबर रेंचवर टाकताना हातोडी आणि पंच वापरू नका. नळी चेपली की आतला दांडा घासतो. रासायनिक किंवा लेझर खूण करून घ्या.

मानकाला कॅलिब्रेशनची खोली १८ ते २८ अंशांत आणि फिरता फरक एका अंशाच्या आत लागतो. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये ते एसीशिवाय शक्य नाही. स्प्रिंगच्या पोलादाचा ताठरपणा वीस अंशांच्या फरकाने अर्ध्या टक्क्याच्या आसपास बदलतो. तो फार नाही, पण चार टक्क्यांतून तेवढा उगाच का घालवायचा? टेस्टर एसीच्या खोलीत ठेवा आणि उन्हातून आलेला रेंच दोन-तीन तास तिथे निवू द्या, मगच वाचन घ्या. बाहेर धुळीत काम झालं की रेंच कोरड्या फडक्याने पुसायचा. रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये बुडवून धुतला की आतलं ग्रीस वाहून जातं आणि आकडे भरकटतात.

८. टॉर्क बरोबर, तरी काम चूक

सेल्फ-लॉकिंग नट असेल तर आधी तो बुडाला टेकायच्या जरा आधीपर्यंत फिरवून ड्रॅग डायलवर मोजा आणि मॅन्युअलने वेगळं सांगितलं नसेल तर तो दिलेल्या टॉर्कमध्ये मिळवा. ड्रॅग ८ आणि हवे ६०, तर ६८. जुना नट बोटांनीच सरसर खाली उतरत असेल तर तो फेकून द्या.

कॅसल नट (कॉटर पिनसाठी वर खाचा असलेला) खालच्या मर्यादेपर्यंत आवळा, मग कॉटर पिनचं भोक जुळेपर्यंत पुढे न्या. वरची मर्यादा आली तरी जुळलं नाही तर वॉशर बदला. भोक जुळवायला नट मागे सैल करायचा नाही. शक्य तिथे नट फिरवा, बोल्ट नको.

१० जून १९९० ला बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेल्या बीएसी वन-इलेव्हन विमानाची समोरची काच हवेत उडाली आणि कॅप्टन अर्धा बाहेर ओढला गेला. आदल्या दिवशी काच बसवताना ९० पैकी ८४ बोल्ट मापाने थोडे पातळ लावले होते, आणि आवळायला टॉर्क स्क्रूड्रायव्हरच वापरला होता. पातळ बोल्ट आट्यांत घसरल्याचा झटका आणि स्क्रूड्रायव्हर सुटल्याचा झटका हाताला वेगळे कळले नाहीत. बोल्टचा पार्ट नंबर कॅटलॉगशी जुळवल्याशिवाय रेंच हातात घ्यायचा नाही.

९. पार्सल आल्यावर

रेंच पुण्यातून किंवा आणखी लांबून येतो, आणि कुरिअरवाला तो किती वेळा आपटतो ते कुणी लिहून ठेवत नाही. म्हणून नवा असो की कॅलिब्रेशनहून परतलेला, थेट विमानावर नको. सिरीयल नंबर प्रमाणपत्राशी जुळवा. प्रमाणपत्रावरचं एकक, तिन्ही बिंदू, दिशा आणि अनिश्चितता आहे का बघा. रॅचेटला दात चुकत नाहीत ना, चौकोनाची गोळी सॉकेट धरते ना, लॉक लावल्यावर मूठ फिरत नाही ना, हे हाताने तपासा. मग खोलीच्या तापमानाला आल्यावर टेस्टरवर २०, ६० आणि १०० टक्क्यांवर तीन-तीन वाचनं घ्या आणि प्रमाणपत्रातल्या आकड्यांशेजारी लिहा. हीच नोंद पुढच्या वर्षभराच्या रोजच्या तपासणीचा पाया होते. सगळं जुळलं की पुढच्या तारखेचं लेबल चिकटवा, टूल क्रिबच्या यादीत नंबर चढवा आणि रेंच खालच्या खुणेवर आणून त्याच्या पेटीत ठेवा. पाठवायची पेटी फेकू नका, बारा महिन्यांनी तीच लागते.